एम६ए आणि कॅन्सर: पेपर वाचताना आणि प्रोजेक्ट आखताना काय बघायचं

दिवाळीची सुट्टी संपली की एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मुलं प्रोजेक्टचा विषय शोधायला लागतात. गेली काही वर्षं त्यातल्या बऱ्याच जणांच्या वहीत एकच वाक्य दिसतं: ‘मेटल-३ वाढलं की एम६ए वाढतं आणि एम६ए वाढलं की कॅन्सर वाढतो.’ (एम६ए ही आरएनएवरची एक रासायनिक खूण, आणि मेटल-३ हे ती लिहिणारं एन्झाइम.) मी पुण्यात पाषाणच्या बाजूला एका प्रयोगशाळेत रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींवर काम करते आणि शनिवारी दुपारी कॉलेजच्या मुलांबरोबर पेपर वाचायला बसते. हे वाक्य तिथे पुन्हा पुन्हा खोडावं लागतं. ते का खोडायचं आणि त्याच्या जागी काय लिहायचं, हे एकदा सविस्तर मांडते आहे. ज्यांना हा विषय घ्यायचा आहे त्यांनी मेंटॉरकडे जाण्याआधी वाचावं.

आधी लागेल तेवढीच पार्श्वभूमी. आरएनएवर होणारे १७० हून अधिक रासायनिक बदल आजवर नोंदले गेले आहेत. त्यातला एमआरएनएच्या (जीनवरून निघणारी, प्रोटीन बनवण्याच्या सूचना वाहणारी प्रत) आतल्या भागात सर्वांत जास्त सापडणारा बदल म्हणजे एम६ए: अ‍ॅडेनोसिनच्या सहाव्या जागेवरच्या नायट्रोजनला एक मेथिल गट जोडला जातो. एवढंच. हजार ए (अ‍ॅडेनोसिन) असतील तर त्यातल्या साधारण दोन ते चारांवर तो सापडतो. कुठल्याही ए वर बसत नाही. त्या ए च्या लगेच पुढे जवळजवळ नेहमी सी असतो, मागे ए किंवा जी असतो, आणि बऱ्याचशा खुणा स्टॉप कोडॉनच्या, म्हणजे प्रोटीनचा मजकूर जिथे संपतो त्या जागेच्या, आसपास गोळा झालेल्या दिसतात. १९७४ साली हा बदल सस्तन प्राण्यांच्या एमआरएनएमध्ये पहिल्यांदा नोंदला गेला तो उंदराच्या यकृताच्या कॅन्सरच्या, नोव्हिकॉफ हेपॅटोमाच्या पेशींत. म्हणजे कॅन्सर आणि एम६ए यांची गाठ पहिल्याच दिवशी पडली होती, पण त्याचा अर्थ लावायला पुढची जवळपास चाळीस वर्षं गेली.

खूण लिहिणारी एन्झाइम म्हणजे मेटल-३ आणि मेटल-१४ ची जोडी, सोबत डब्ल्यूटॅप वगैरे मदतनीस. मेथिल गट प्रत्यक्ष चिकटवतं ते मेटल-३. मेटल-१४ आरएनए धरून ठेवतं. खूण पुसणारी दोन: एफटीओ, ज्याचं हे काम २०११ मध्ये कळलं, आणि एएलकेबीएच५, जे २०१३ मध्ये सापडलं. आणि खूण वाचणारी प्रोटीन बरीच: वायटीएच कुटुंबातली पाच, आयजीएफ२बीपी तीन, आणि इतर. वाचणारं प्रोटीन काय करतं त्यावर त्या एमआरएनएचं पुढे काय होणार हे ठरतं. वायटीएचडीएफ२ ने धरलं तर एमआरएनए लवकर तुटतो. आयजीएफ२बीपी ने धरलं तर तो टिकतो. मेथिल गट तोच, जागाही कदाचित तीच, पण निकाल नेमके उलटे. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की वहीतलं ते वाक्य आपोआप डळमळतं.

पहिला प्रश्न: एम६ए मोजलंय का?

प्रश्न बाळबोध वाटेल, पण पेपर उघडल्यावर आधी हेच शोधा. ‘एम६ए रिस्क स्कोअर’ अशा नावाचे पेपर ढिगाने निघालेले आहेत. टीसीजीए या कॅन्सरच्या गाठींच्या मोठ्या जनुकीय संग्रहाचा खुला डेटा घ्यायचा, लिहिणाऱ्या, पुसणाऱ्या आणि वाचणाऱ्या वीस-पंचवीस जीन्सचं एक्सप्रेशन (जीन किती चालू आहे ते) काढायचं, त्यातून काही निवडून एक स्कोअर बनवायचा आणि जास्त स्कोअरचे पेशंट कमी जगतात असा आलेख काढायचा. या सगळ्यात एकाही आरएनएवरचा एकही मेथिल गट कुणी मोजलेला नसतो. जीनचा एमआरएनए जास्त म्हणजे त्याचं प्रोटीन जास्त असं नाही. प्रोटीन जास्त म्हणजे एन्झाइमचं काम जास्त असं नाही. आणि काम जास्त झालं तरी ते आपल्याला हव्या त्या एमआरएनएवर झालं असं मुळीच नाही. असा पेपर वाचूच नका असं मी म्हणत नाही. त्यातून कुठल्या जीनकडे बघावं याचा अंदाज येतो. पण त्याच्या शीर्षकातला एम६ए हा शब्द पुराव्याविना आलेला असतो, हे लक्षात ठेवून वाचा. तुमचा प्रोजेक्ट पूर्ण कॉम्प्युटरवरचा असेल तर शीर्षकात ‘एम६ए नियंत्रक जीन्सचं एक्सप्रेशन’ असं स्पष्ट लिहा. व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतात, आणि ते बरोबरच करतात.

मोजलं असेल तर कशाने? मास स्पेक्ट्रोमेट्री एकूण ए च्या प्रमाणात किती एम६ए आहे हे सांगते, पण कुठे आहे ते नाही. २०१२ पासून वापरात असलेलं मेरिप-सीक्वेन्सिंग अँटीबॉडीने तुकडे ओढून काढतं. त्यातून शंभर-दोनशे न्यूक्लिओटाइडचा पट्टा कळतो, नेमका ए नाही. शिवाय एकाच प्रकारच्या पेशींवर वेगवेगळ्या लॅबनी केलेल्या मेरिपचे ‘पीक’ (जिथे सिग्नल उंच दिसतो त्या जागा) एकमेकांशी ताडून पाहिले तेव्हा ते ३० ते ६० टक्केच जुळले, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणून दोन-दोन नमुन्यांच्या मेरिपवरून ‘अमुक हजार जागी एम६ए वाढलं’ असं कुणी लिहिलं असेल तर मी तो आकडा बाजूला ठेवते आणि त्यांनी स्वतंत्र पद्धतीने तपासलेल्या दोन-चार जागा आहेत का ते बघते. ग्लोरी किंवा नॅनोपोअरसारख्या नव्या पद्धतींनी एकेक ए पर्यंत पोचता येतं, तिथे विश्वास जास्त ठेवावा.

दुसरा प्रश्न: कुठल्या पेशीत, कुठल्या एमआरएनएवर?

याचं सर्वांत चांगलं उदाहरण माझ्याच कामाच्या भागातलं आहे: एएमएल, म्हणजे अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया. २०१७ मध्ये दोन वेगळ्या गटांनी दाखवलं की एएमएलच्या पेशींना मेटल-३ लागतंच. ते काढून घेतलं की पेशी वाढणं थांबवतात, प्रौढ पांढऱ्या पेशींकडे झुकतात किंवा मरतात. एका गटाला दिसलं की मायसी आणि बीसीएल२ सारख्या एमआरएनएवरची खूण कमी झाली की त्यांचं भाषांतर, म्हणजे त्यांवरून प्रोटीन बनणं, घटतं. दुसऱ्या गटाला दिसलं की मेटल-३ डीएनएवर काही जीन्सच्या सुरुवातीलाच जाऊन बसतं आणि एसपी१ सारख्या एमआरएनएवर तिथेच खूण लिहिली जाते. इथपर्यंत वहीतलं वाक्य खरं वाटतं: लिहिणारं एन्झाइम कॅन्सरला पोसतंय.

आता त्याच वर्षीचा तिसरा पेपर समोर ठेवा. एएमएलच्या काही उपप्रकारांत एफटीओ वाढलेलं असतं, आणि तेही कॅन्सरला पोसतं. पुसणारं एन्झाइम! एएसबी२ आणि आरएआरए या एमआरएनएवरची खूण ते पुसतं, त्यामुळे हे दोन्ही कमी होतात. आणि पेशीला प्रौढ व्हायला नेमकी यांचीच गरज असते, म्हणून एफटीओ जास्त असलेल्या पेशी रेटिनॉइक अ‍ॅसिड दिलं तरी मोठ्या व्हायला तयार होत नाहीत.

एकाच आजारात लिहिणाराही गुन्हेगार आणि पुसणाराही. शनिवारी हे दोन पेपर शेजारी शेजारी ठेवले की मुलं आधी म्हणतात, कुणीतरी चुकलं असणार. कुणी चुकलेलं नाही. दोघांची लक्ष्यं वेगळी आहेत. एकूण एम६ए वाढलं की कमी झालं हा प्रश्नच इथे फारसा कामाचा नाही. मायसीवर काय झालं, आरएआरएवर काय झालं, आणि त्या पेशीत वाचणारी कुठली प्रोटीन हजर आहेत, हे कामाचं. असं कोडं समोर आलं की मी मुलांना एक तक्ता काढायला लावते. चार रकाने: एन्झाइम, लक्ष्य एमआरएनए, त्यावर खूण वाढली की घटली, आणि परिणामी तो एमआरएनए टिकला की तुटला. पेपरमधून हे चार रकाने भरता आले नाहीत तर ‘यंत्रणा उलगडली’ असं त्या पेपरने कितीही म्हटलं तरी ती उलगडलेली नाही.

याच तक्त्यात पुढची ओळ म्हणून आयडीएच म्युटेशन टाका. आयडीएच१ किंवा आयडीएच२ हे चयापचयातलं एन्झाइम बिघडलं की पेशीत आर-२-हायड्रॉक्सीग्लुटारेट साठतं. ते डीएनएवरच्या मेथिल खुणा काढायला मदत करणाऱ्या टेट२ ला अडवतं, आणि त्यामुळे कॅन्सरला वाट मिळते, हे आधीच माहीत होतं. २०१८ मध्ये दिसलं की तेच रसायन एफटीओलाही अडवतं. मग मायसीवरची खूण वाढते, तो एमआरएनए लवकर तुटतो, आणि पेशींची वाढ उलट मंदावते. एकच रेणू एका हाताने कॅन्सरला ढकलतो आणि दुसऱ्या हाताने ओढतो. मला हा सगळा विषय आवडतो तो अशा जागांमुळे, आणि म्हणूनच त्याचं एका ओळीत केलेलं सोपं रूप बघितलं की वाईट वाटतं.

दुसरी जोडी मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमाची. २०१७ मध्ये अमेरिकेतून आलेल्या पेपरमध्ये ग्लिओब्लास्टोमाच्या स्टेम पेशींत मेटल-३ किंवा मेटल-१४ कमी केलं की गाठ अधिक जोमाने वाढते, असं निघालं. त्यानंतर लगेचच बंगळुरूच्या आयआयएससीमधल्या गटाचा पेपर आला: तिथे मेटल-३ कमी केल्यावर ग्लिओमाच्या स्टेमसारख्या पेशी टिकेनाशा झाल्या आणि रेडिएशनला अधिक सहज बळी पडल्या, कारण सॉक्स२ चा एमआरएनए टिकवायला ती खूण लागत होती. निष्कर्ष थेट उलटे. असं दिसलं की साक्षीदार मोजत बसू नका, ‘जास्त पेपर काय म्हणतात’ हा मार्ग धरू नका. पद्धतीच्या विभागात जा. पेशी कुणाच्या, सीरममध्ये वाढवल्या की गोळ्यांच्या रूपात, मेटल-३ किती टक्के कमी झालं, त्यानंतर किती दिवसांनी मोजलं, आणि लक्ष्य एमआरएनए दोघांनी तेच तपासलं का. हे पाच मुद्दे पेन्सिलने दोन्ही पेपरच्या समासात लिहा. बहुतेक वेळा मतभेद तिथेच कुठेतरी असतो.

एंडोमेट्रियल कॅन्सर हे तिसरं टोक. तिथे २०१८ च्या अभ्यासात सुमारे ७० टक्के गाठींमध्ये एम६ए कमी झालेलं आढळलं. काहींत मेटल-१४ मध्ये म्युटेशन होतं, काहींत मेटल-३ चं एक्सप्रेशनच घटलेलं होतं. खूण कमी झाल्यावर एकेटी हा वाढीचा मार्ग मोकाट सुटतो. म्हणजे या आजारात मेटल-३ अडवणारं औषध सुचवायच्या आधी शंभरदा विचार करायला हवा.

तिसरा प्रश्न: मेलेलं एन्झाइम परत घालून पाहिलं का?

मला स्वतःला कुठल्याही पेपरमध्ये सर्वांत आधी बघावासा वाटतो तो हा प्रयोग. मेटल-३ काढलं आणि कॅन्सरची पेशी थांबली, यावरून ‘एम६ए मुळे’ असं म्हणता येत नाही. ‘मेटल-३ मुळे’ एवढंच म्हणता येतं. मेटल-३ हे प्रोटीन मेथिल गट चिकटवण्याशिवाय इतर कामंही करतं. २०१६ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशींवर दिसलं की मेटल-३ ची मेथिल चिकटवण्याची क्षमता मारून टाकली तरी ते रायबोसोमच्या यंत्रणेला बोलावून ईजीएफआर, टॅझ अशा प्रोटीनचं उत्पादन वाढवू शकतं.

म्हणून प्रयोग असा हवा: पेशीतलं मूळ मेटल-३ काढा. एका गटात धडधाकट मेटल-३ परत घाला, दुसऱ्या गटात ज्याच्या ३९५ व्या जागेवरचं अ‍ॅस्पार्टेट बदललं आहे असं, म्हणजे कॅटॅलिटिक काम बंद पडलेलं मेटल-३ घाला. दोन्ही सारख्याच प्रमाणात तयार होत आहेत हे वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन किती आहे ते दाखवणारी चाचणी) दाखवा. धडधाकटने पेशी सावरली आणि मेलेल्याने नाही, तरच दोष एम६ए वर जातो. एएमएलच्या दोन्ही पेपरांमध्ये कॅटॅलिटिक काम बंद पडलेल्या मेटल-३ शी तुलना केलेली आहे, म्हणून त्यांचं म्हणणं मला पटतं. एवढ्यावर न थांबता लक्ष्य एमआरएनएतला तो विशिष्ट ए च बदलून टाकला आणि परिणाम गेला असं दाखवलं असेल, तर तो पेपर जपून ठेवा.

वाचणाऱ्यांबद्दल एक सावधगिरी. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात वायटीएचडीएफ१ भाषांतर वाढवतं, डीएफ२ एमआरएनए तोडतं आणि डीएफ३ दोघांना मदत करतं. २०२० पासून यावर गंभीर वाद आहे: तिन्ही प्रोटीन त्याच जागी बसतात, मिळून एमआरएनए तोडण्याचंच काम करतात, आणि एक काढलं तर दुसरं सांभाळून घेतं, असं मांडणारे पुरावे आहेत. प्रस्तावनेत जुनं चित्र डोळे मिटून उतरवू नका. दोन्ही बाजू लिहा.

डॉट ब्लॉट: हाताने करायचा तर असा

बहुतेक कॉलेजांत मास स्पेक्ट्रोमेट्री परवडत नाही, त्यामुळे शेवटी सगळे डॉट ब्लॉटवर येतात: आरएनएचे थेंब मेम्ब्रेनवर टाकायचे आणि त्यांवर एम६ए ची अँटीबॉडी किती बसते ते बघायचं. प्रयोग सोपा आहे आणि म्हणूनच फार निष्काळजीपणे केला जातो.

पहिली अडचण आरएनएची. ट्रायझॉलने काढलेल्या एकूण आरएनएत ८० टक्क्यांहून जास्त रायबोसोमचा आरएनए असतो. त्या आरएनएवरही एम६ए आहे, १८एस वर एक आणि २८एस वर एक, आणि ते मेटल-३ लिहीत नाही. त्यांची एन्झाइम वेगळी आहेत, मेटल-५ आणि झेडसीसीएचसी४. त्यामुळे एकूण आरएनए थेट मेम्ब्रेनवर टाकलात तर मेटल-३ कितीही कमी केलंत तरी ठिपका बदललेला दिसणार नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रोडवर उभं राहून एका दुकानातलं बोलणं ऐकण्यासारखं ते आहे. ऑलिगो-डीटी बीड्सवर पॉली-ए निवड करा, म्हणजे फक्त एमआरएनए वेगळा काढा, एकदा नाही, दोनदा. मग थोडा नमुना जेलवर पळवा. २८एस आणि १८एस चे पट्टे अजून ठसठशीत दिसत असतील तर पुढे जाऊ नका.

मग आरएनएचे उतरते प्रमाण करा: ४००, २००, १०० नॅनोग्रॅम. ९५ अंशांवर तीन मिनिटं ठेवून लगेच बर्फात घाला, म्हणजे दुमडलेला आरएनए उलगडलेला राहतो. धन प्रभार असलेल्या नायलॉन मेम्ब्रेनवर दोन मायक्रोलिटरचे थेंब टाका. इथे हात स्थिर हवा. पिपेटचं टोक मेम्ब्रेनला टेकवायचं नाही, थेंब टोकाला लोंबू द्यायचा आणि तो मेम्ब्रेनने स्वतः ओढून घ्यायचा. टोक टेकलं की ठिपक्याच्या मधोमध खड्डा पडतो आणि कडेला अंगठी उमटते. मग इमेज-जे या सॉफ्टवेअरमध्ये तीव्रता मोजताना आकडे हलतात. थेंब पूर्ण वाळला की २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाने आरएनए मेम्ब्रेनला बांधून घ्या. क्रॉसलिंकर नसेल तर लॅमिनारच्या यूव्ही दिव्याखाली काम भागतं असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही, कारण किती ऊर्जा पोचली हे कळत नाही आणि दोन ब्लॉटची तुलनाच करता येत नाही. शेजारच्या विभागात क्रॉसलिंकर मागा. पुण्यात एवढ्या संस्था जवळजवळ आहेत, कुणीतरी अर्ध्या तासासाठी देतंच.

पाच टक्के दुधात ब्लॉक करा, एम६ए ची अँटीबॉडी रात्रभर चार अंशांवर. ही रात्र बुधवारची ठेवू नका. गुरुवारी देखभालीच्या कामासाठी वीज किंवा पाणी बंद असण्याची शक्यता या शहरात कायम असते, आणि सकाळी शीतकपाट बंद पडलेलं असेल तर तो ब्लॉट तुलनेला घेता येत नाही. सोमवारी किंवा मंगळवारी लावा.

शेवटी लोडिंगचा पुरावा. ठिपका गडद दिसला तो एम६ए जास्त म्हणून की आरएनए जास्त पडला म्हणून, हे मेथिलीन ब्ल्यूने कळतं: ०.३ मोलर सोडियम अ‍ॅसिटेटमध्ये ०.०२ टक्के, पीएच ५.२. त्याच मेम्ब्रेनवर निळे ठिपके सगळीकडे सारखे दिसले पाहिजेत. प्रबंधात दोन्ही चित्रं एकाखाली एक छापा. कुणाचा डॉट ब्लॉट मेथिलीन ब्ल्यूशिवाय छापलेला दिसला तर त्यावरून काहीही ठरवू नका. सोबत दोन कृत्रिम ऑलिगो (आरएनएचे छोटे तुकडे) हवेत, एकात एम६ए असलेला आणि एकात साधा ए. साध्यावर ठिपका आला तर अँटीबॉडी नीट निवड करत नाही.

आणखी एक गोष्ट: या अँटीबॉडीला एम६ए आणि एम६एएम यांतला फरक कळत नाही. एम६एएम एमआरएनएच्या टोपीला (सुरुवातीच्या टोकाला) लागून असतं आणि एफटीओ तेही पुसतं. एफटीओवरचा प्रोजेक्ट असेल तर फक्त डॉट ब्लॉटच्या जोरावर ‘एम६ए वाढलं’ असं लिहू नका.

बाकीचे बदल

एम६एच्या पलीकडेही बरंच आहे, पण एका सत्रात पेलेल इतकंच निवडा. यकृताच्या कॅन्सरमध्ये एडार१ हे एन्झाइम एका ए चं इनोसिन करतं आणि एझेडआयएन१ प्रोटीनचं एक अमिनो अ‍ॅसिड बदलतं. हे २०१३ पासून माहीत आहे आणि ते साध्या सँगर सीक्वेन्सिंगवर दिसतं, म्हणून कमी पैशांच्या प्रोजेक्टला मला हा विषय एम६एपेक्षाही बरा वाटतो. मेटल-१ टीआरएनएवर एम७जी लिहितं आणि काही सार्कोमांत त्याचा जीन सीडीके४ च्या शेजारी असल्याने त्याच्यासोबतच वाढतो. एनसन२ आणि एम५सी मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये अभ्यासले गेलेत. स्यूडोयुरिडीनचं नाव लसींमुळे घरोघरी पोचलं, पण ते लिहिणाऱ्या डीकेसी१ मध्ये बिघाड झाला की डिस्केराटोसिस कंजेनिटा हा आनुवंशिक आजार होतो आणि त्यात कॅन्सरचा धोका वाढतो, हे फार कमी विद्यार्थ्यांना माहीत असतं. तिथे टेलोमेरेजही बिघडतं, त्यामुळे सगळा दोष स्यूडोयुरिडीनवर टाकता येत नाही.

औषधाचा विषय निघाला की

सोसायटीत मी ‘कॅन्सरवर काम करते’ एवढं लोकांना माहीत आहे, त्यामुळे मोबाईलवर आलेली बातमी घेऊन कुणी ना कुणी येतं. तुमच्याकडेही येतील. तेव्हा सांगायचं ते नेमकं सांगा. मेटल-३ अडवणारा एसटीएम२४५७ हा रेणू २०२१ मध्ये आला आणि त्याने उंदरांमधला एएमएल आटोक्यात ठेवला. त्याच कंपनीच्या एसटीसी-१५ या रेणूची माणसांवरची पहिली चाचणी २०२२ मध्ये सुरू झाली. पहिल्या टप्प्याची चाचणी म्हणजे डोस आणि सुरक्षितता बघणं. बरं होण्याचं आश्वासन त्यात नसतं. मेक्लोफेनॅमिक अ‍ॅसिड हे जुनं वेदनाशामक एफटीओला अडवतं हे खरं आहे, पण ते सायक्लोऑक्सिजनेजलाही अडवतं, त्यामुळे पेशींवरच्या प्रयोगात दिसलेला परिणाम एफटीओचाच आहे हे सिद्ध करायला एफटीओ काढून टाकलेल्या पेशींवरही ते देऊन पाहावं लागतं. कॅन्सरसाठी म्हणून कुणी ते विकत आणून घ्यायचं मनात आणत असेल तर स्पष्ट नाही म्हणा आणि डॉक्टरांकडे पाठवा.

एएमएलच्या पेशंटच्या घरचे विचारत असतील तर एम६एबद्दल बोलू नका. एफएलटी३, एनपीएम१, आयडीएच१ आणि आयडीएच२ च्या तपासण्या आणि गुणसूत्रांचा रिपोर्ट झालाय का, हे डॉक्टरांना विचारायला सांगा. यांच्यावर आज उपचाराचे निर्णय ठरतात आणि त्यातल्या काहींसाठी औषधंही आहेत.

चार महिन्यांत काय जमेल

जानेवारी ते एप्रिल एवढाच वेळ हातात असतो, त्यात परीक्षाही. म्हणून एक पेशी, एक एन्झाइम, एक एमआरएनए घ्या. पेशी गणेशखिंडच्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र) रिपॉझिटरीतून मागवा, मैत्रिणीच्या फ्रीजरमधून नको. अर्ज डिसेंबरमध्येच टाका. के५६२ घेतलीत तर ती सीएमएल या वेगळ्या रक्ताच्या कॅन्सरच्या ब्लास्ट क्रायसिसमधली (शेवटच्या, वेगाने वाढणाऱ्या टप्प्यातली) आहे, एएमएल म्हणून लिहू नका. एएमएलच हवा असेल तर टीएचपी-१ किंवा एचएल-६० बघा.

दोन वेगवेगळ्या एसएचआरएनएने (एखाद्या जीनचा एमआरएनए घटवणारे छोटे आरएनए) मेटल-३ कमी करा, एकाने कधीच नाही. वेस्टर्नवर प्रोटीन घटल्याचं दाखवा. वर सांगितला तसा डॉट ब्लॉट करा. मग मायसी निवडलंत तर अ‍ॅक्टिनोमायसिन-डी देऊन नवीन आरएनए तयार होणं थांबवा आणि शून्य, अर्धा, एक व दोन तासांना पेशी गोळा करून क्यूपीसीआर या मोजणीच्या पद्धतीने एमआरएनए किती उरला ते मोजा. मायसीचं आयुष्य मुळात अर्ध्या तासाच्या आसपासच असतं, तीन-तीन तासांच्या अंतराने नमुने घेतलेत तर हाती काही लागणार नाही. नॉर्मलायझेशनला १८एस वापरा, कारण अ‍ॅक्टिनोमायसिननंतर इतर एमआरएनएही घसरत असतात. पेशींची वाढ शेवटी मोजा, सुरुवातीला नाही.

मेलेल्या मेटल-३ चं प्लास्मिड आणि मेरिप-क्यूपीसीआर एवढ्या वेळात बसणार नाही. तो भाग ‘पुढील काम’ या मथळ्याखाली लिहा, आणि निष्कर्षात ‘एम६ए मुळे’ ऐवजी ‘मेटल-३ कमी केल्यावर’ असे शब्द ठेवा.